भय्याजींनी गोडाला हात लावला

"माह्या मर्जीशिवाय माह्या तोंडात गोड घालनारा अजून पैदा झाला नाही," असं आंधळगावचे भय्याजी पराते छाती ठोकून सांगत. नवख्या माणसाला वाटे, गड्याला साखरेचा आजार असावा. तसं काही नव्हतं. गोष्ट सोयरिकीची होती.

परात्यांच्या भावकीत एक जुनी रीत होती. मुलगी पाहायला गेलं की पाहुण्यांसमोर दोन बश्या येत, एक चिवड्याची आणि एक गोडाची. पाहुण्यांनी चिवडा खाल्ला, चहा घेतला आणि उठले, तर मंडळी तिखटावर उठली म्हणायचं. म्हणजे अजून विचार चालू आहे. पण मुलाच्या घरच्या कर्त्या पुरुषाने गोडाचा एक घास जरी तोंडात टाकला, की सोयरीक पक्की. मग बोलायची गरज नाही, लिहायची गरज नाही. गोड गिळलं म्हणजे शब्द दिला, आणि त्या शब्दावरून मागे फिरलेला माणूस भावकीत कोणी पाहिलेला नव्हता.

भय्याजी आजवर अकरा घरी गेले होते आणि अकराही घरी तिखटावर उठले होते.

लग्न व्हायचं होतं त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं, धनंजयचं. वय एकतीस, स्वभावाने गरीब, घरचे चार माग आणि कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचा धंदा. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून भय्याजी ती मुलीकडे शोधत. अडतीस वर्षं त्यांनी साड्या तपासल्या होत्या. विणकराने साडी आणून टाकली की ते ती या पदरापासून त्या टोकापर्यंत उलगडत, अंगठा फिरवत, आणि कुठेतरी एखादी गाठ किंवा सुटलेला धागा सापडेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे. मुली पाहतानाही तोच अंगठा फिरे. पवनीची मुलगी फार हळू बोलते. तुमसरची फार बोलते. मोहाडीच्या घरी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, अशा घरची मुलगी पहाटे वेळेवर काय उठणार? तिरोड्याची मुलगी सगळ्यांच्या मनात भरली होती, तर भय्याजी म्हणाले, "तिरोडा आता गोंदिया जिल्ह्यात गेला. दुसऱ्या जिल्ह्यातली सून नाही पाहिजे." जिल्हा फुटून वीस वर्षं उलटली होती आणि आंधळगावाहून तिरोडा साकोलीपेक्षा जवळ होता, पण हे त्यांना सांगणार कोण?

आता खरं सांगायचं तर भय्याजींना मुलींची धास्ती नव्हती, होकाराची होती. नाही म्हणणाऱ्याला पुढे कोणी जाब विचारत नाही. हो म्हणणाऱ्याला जन्मभर विचारतात. एवढी साधी गोष्ट होती, पण ती त्यांनी कधी कोणापाशी कबूल केली नव्हती.

व्हायचं तेच झालं. अकराव्या घरानंतर स्थळं आणणारे लोक परात्यांच्या गल्लीतून जाताना चाल वाढवू लागले. आणि एका संध्याकाळी सत्यभामाबाईंनी नवऱ्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं आणि समोर बसकण मारली.

"देवकाबाईनं एकोडीवरून निरोप धाडला हाये," त्या म्हणाल्या. देवकाबाई म्हणजे एकोडी गावात दिलेली भय्याजींची थोरली बहीण. "साकोलीची पोरगी हाये. टेकचंदजीची मोनिका. रविवारी जाचं हाये."

"टेकचंद कोन? ते कापडाच्या दुकानवाले? पोरगी काय करते?"

"बेकरी हाये तिची. कपकेक बनवते."

"काय बनवते?"

"केकच. पन लहान. कपात बसते एवढा."

भय्याजींचा घास हातातच राहिला. अर्धा दोष तर त्यांना बसल्या जागीच सापडला होता. सत्यभामाबाईंनी तो त्यांच्या चेहऱ्यावर वाचला.

"आयका," त्या म्हणाल्या. "हे बारावं घर. पोरानं आजवर एकाही फोटोकडं दुसऱ्यांदा पायलं नाही. हा फोटो त्यानं जवळ ठेवला. याही घरी तुमी चिवडा खाऊन उठले, तं मी कोनाच्याच दारात येनार नाही. मंग तुमी अन् तुमचं पोरगं, बसा जन्मभर एकमेकाले चिवडा वाढत."

आवाज चढला नव्हता, म्हणून भय्याजी जास्त घाबरले. बायको चिडली की तिला समजावता येतं. ती शांतपणे बोलली म्हणजे तिचं ठरलेलं असतं.

रात्री पडल्या पडल्या त्यांनी बेत रचला. रविवारी सगळ्यांसमोर दोष काढला तर घर पेटेल. त्यापेक्षा आधीच गुपचूप जाऊन यावं, गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरावं, पोरीचा आणि तिच्या त्या कपातल्या केकचा चांगली दहाबारा कलमी दोषांची यादी करावी आणि रविवारच्या आधी सत्यभामाबाईंपुढे शांतपणे मांडावी. गोडाचं काय? त्याचाही त्यांनी कायदा काढला. दुकान म्हणजे घर नव्हे. दुकानात पैसे टाकून खाल्लेलं गोड हे गोड नव्हे, तो माल झाला. माल तपासायला हरकत काय! या कायद्यावर ते इतके खूश झाले की त्यांना लगेच झोप लागली.

शुक्रवारी सकाळी "भंडाऱ्याले सूत पाहून येतो" असं सांगून ते निघाले. कोणी ओळखू नये म्हणून टोपी घरी ठेवली आणि धनंजयचा काळा गॉगल खिशात घातला. गॉगलची एक दांडी तुटली होती आणि कोशाच्या धाग्याने बांधलेली होती, पण काम भागत होतं. खांद्यावरचा दुपट्टा मात्र त्यांच्याने ठेववेना. स्वतःच्या मागावरचा कोशाचा दुपट्टा खांद्यावर नसला की त्यांना उघडंबोडकं वाटे. भंडाऱ्याच्या स्टँडवर त्यांनी तिखट चण्यांची पुडी घेतली, साकोलीची एसटी पकडली आणि मनातल्या मनात दोषांच्या जागा आखत बसले.

साकोलीच्या स्टँडमागच्या रस्त्यावर दुकान लगेच सापडलं. फिक्या गुलाबी रंगाची भिंत, वर पाटी, 'मोनिका कपकेक', आणि खाली छोट्या अक्षरांत, 'घेण्याआधी चव पाहा'. भय्याजींनी गॉगल चढवला. आत पाऊल टाकलं तर तूप, व्हॅनिला आणि भाजलेल्या गुळाचा असा वास आला की त्यांच्या पोटाने त्यांना न विचारता आवाज केला. एसटीत त्यांनी चणे खाल्ले नव्हते, याचा त्यांना त्या क्षणी पश्चात्ताप झाला.

काचेमागे एक मुलगी क्रीमची पिशवी पिळत उभी होती. फोटोतलीच. तिने भय्याजींकडे पाहिलं, मग गॉगलकडे पाहिलं, मग पिशवी खाली ठेवली आणि ओढणीच्या पदराने खुर्ची पुसली.

"या ना काकाजी, बसा. काय देऊ?"

"माल काय काय हाये?" भय्याजींनी धंद्याचा आवाज लावला.

"सात चवी हायेत. आधी चाखून पाहा, मंग सांगा." तिने सुरीने व्हॅनिलाच्या कपकेकचा लहानसा तुकडा कापायला घेतला.

"थांब पोरी. एवढ्याशा तुकड्यात काय समजते? साडी कोनी कोपऱ्यावरून घेते का? पूर्न उलगडा लागते."

"बरोबर हाये," ती म्हणाली आणि तिने अख्खा कपकेक बशीत ठेवला.

भय्याजींनी तो उचलला, वरून खालून पाहिला आणि चावा घेतला. बराच वेळ चावलं. आतलं मऊ कधीच विरघळलं, पण बाहेरचं काही केल्या गळ्याखाली उतरेना. पहिला दोष! तोही पहिल्याच घासात.

"वरची साल लय चिवट हाये," त्यांनी निकाल दिला.

"काकाजी, ते कागद हाये. सोलून खा लागते."

"मले माहीत हाये. कागद कसा वापरता ते पाहून राहिलो होतो," असं म्हणून भय्याजींनी कागद गिळला. आता थुंकणं शक्य नव्हतं.

मग त्यांनी सरळ मुद्द्यावर यायचं ठरवलं. "अंडं हाये का यात?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं. अंडं असतं तर काम इथेच संपत होतं. ते स्वतः दर रविवारी दोन अंडी खात, पण ते वेगळं. सत्यभामाबाई सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी करत, त्यांच्या घरात अंड्याचा केक म्हणजे काय?

"नाही जी. सगळे बिनअंड्याचे."

हा दोष गेला. चॉकलेटचा आला. भय्याजी म्हणाले, रंग जास्त चढला आहे. मोनिका म्हणाली, "रंग पक्का हाये, काकाजी. सोडनार नाही." भय्याजींनी गॉगलखालून तिच्याकडे पाहिलं. हे उत्तर तर विणकराच्या घरचं होतं. बटरस्कॉचमध्ये त्यांना मधेच खडे लागले, तर ती म्हणाली, ते लागायलाच पाहिजेत. सीताफळाच्या कपकेकला त्यांनी बी नाही म्हणून नाव ठेवलं. बी नाही तर ते सीताफळ कशाचं? हा दोष जरा लंगडा आहे हे त्यांच्याही लक्षात आलं, म्हणून खात्री करायला त्यांनी तो कपकेक शेवटपर्यंत खाल्ला.

गूळ-तिळाचे दोन कपकेक तिने शेजारी शेजारी ठेवले तेव्हा त्यांना खरा दोष सापडला. त्यांनी दोन्हींवर आडवं बोट ठेवलं.

"हा पाय. हा एक सूत उंच हाये."

"हो," ती म्हणाली. "हातानं भरते न जी, मशीनीनं नाही. एखादा इकडचा तिकडं होतेच."

भय्याजींचं बोट तिथेच राहिलं. नागपूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांनी साडीत खोट काढली की ते स्वतः हेच वाक्य म्हणत, अगदी याच आवाजात. त्यांनी उंच कपकेक खाऊन टाकला.

चारोळीचा कपकेक त्यांनी नुसता खाल्ला. त्यानंतर तिने एक साधा, तपकिरी, क्रीम नसलेला कपकेक पुढे केला.

"हा कायचा?"

"मोहाचा."

भय्याजी खुर्चीतून अर्धे उठले. साकोलीला चोरून येऊन, भर दुपारी मोहाची घेऊन, बसमध्ये झुलत घरी गेल्यावर सत्यभामाबाईंना काय सांगायचं, हे सगळं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं.

"दारू नाही जी काकाजी, फूल हाये. वाळवलेलं मोहफूल भाजून, वाटून टाकते. आमच्या आजीचं काम हाये ते."

त्यांनी घाबरत घाबरत एक घास घेतला. लहानपणी उन्हाळ्यात मोहफुलं वेचून आणली की घरात जो वास दरवळायचा, तो अख्खाच्या अख्खा त्या घासात होता. त्यांनी त्यात अंगठ्याने गाठ शोधली, धागा शोधला, काही सापडेना. अडतीस वर्षांत अशी पाळी पहिल्यांदाच आली होती. त्यांनी गॉगल काढला, डोळे पुसले, परत चढवला.

"बेस हाये," ते म्हणाले. शब्द तोंडातून निसटला होता.

मोनिका हसली. भय्याजी भानावर आले. आता लवकर पैसे द्यावेत आणि सटकावं. त्यांनी खिशात हात घातला. "किती झाले?"

"काही नाही. चवीचे पैसे घेत नाही आमी. पाटीवर लिहिलं हाये."

"असं कसं? सात खाल्ले न मी."

"सात चवी होत्या म्हनून सात. घरी आलेल्या मानसाकून कोनी चवीचे पैसे घेते का?"

"घरी?" भय्याजी म्हणाले. "हे तं दुकान हाये."

"दुकान कुठलं जी. घराची पुढची खोली हाये. हे काय, पडद्यामागं आमचं घर."

भय्याजींनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याखालून घरचा उंबरठा दिसत होता. उंबरठ्यावर हळदीकुंकू होतं. त्यांचा कायदा ढासळला, तो एकदम. म्हणजे मुलीच्या घरात बसून, मुलीच्या हातचं, फुकट, पाहुणा म्हणून त्यांनी गोड खाल्लं होतं. एक घास नाही. सात.

"पैसे घे माय," त्यांनी पन्नासाच्या तीन नोटा काउंटरवर ठेवल्या. तिने परत सरकवल्या. त्यांनी पुढे सरकवल्या. या ओढाताणीत पडदा हलला आणि आतून एक म्हातारी भिंतीला हात लावत बाहेर आली. टेकचंदजींच्या आई, सुलोचनाबाई. डोळ्यांनी जवळपास अधू झालेल्या, पण जन्म मागावर गेलेला.

"कोन आलं वं मोनू? पैशासाठी काहून भांडून राहिले?"

भय्याजींनी श्वास रोखला. बाई चाचपडत जवळ आल्या, त्यांचा हात भय्याजींच्या खांद्यावर पडला आणि तिथून दुपट्ट्यावर. बोटं किनारीवरून एकदा इकडे गेली, एकदा तिकडे.

"हा तं आंधळगावचा कोसा," त्या म्हणाल्या. "किनार भय्याजी परात्याच्या मागाची. हे अशी दुहेरी मोड दुसऱ्या कोनाले जमत नाही." बोटं थोडी पुढे सरकून थांबली. "पन इथं एक धागा सुटला हाये."

"कुठं?" भय्याजी ओरडलेच. ओळख लपवायची आहे हे ते साफ विसरले. "माह्या मागावर धागा सुटत नाही."

त्यांनी किनार डोळ्यांजवळ नेली. गॉगलमुळे काही दिसेना, म्हणून गॉगल काढून काउंटरवर ठेवला. धागा सुटला होता. चार वर्षं खांद्यावर वागवलेल्या स्वतःच्या कापडात.

"असू दे," सुलोचनाबाई म्हणाल्या. "बाकी कापड बेस हाये. एका धाग्यापायी कापड कोन फेकते?" मग त्या आतल्या बाजूला वळून म्हणाल्या, "टेकचंद, बाहीर ये बापू. सोयरे आले. अन् त्याहीनं गोड खाल्लं."

टेकचंदजी बाहेर आले ते हातात जेवणाचा घास घेऊनच. बशीत सात कागदांची चळत होती, खरं तर सहाची, कारण एक भय्याजींच्या पोटात होता. परात्यांची रीत टेकचंदजींना माहीत होती, ती साऱ्या नात्यागोत्यात माहीत होती. त्यांनी कागद मोजले, भय्याजींकडे पाहिलं, पुन्हा कागद मोजले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आमाले वाटलं, रविवारी चिवडाच खाऊन उठनार तुमी," ते म्हणाले. "अन् तुमी तं दोन दिवस आधी येऊन सातसात वेळा हो म्हनून गेले. इतका मान आजवर कोनी देला नाही जी आमाले."

"नाही, म्हंजे, त्याचं असं हाये," भय्याजी म्हणाले.

पण टेकचंदजींनी तोवर एकोडीला देवकाबाईंना फोन लावला होता. भय्याजींना स्वतःची फिकीर नव्हती. गोड गिळलं होतं, शब्द गेला होता, तो आता परत येणार नव्हता. पण ज्याचं लग्न, त्याला तर कोणी विचारलंच नाही. रविवारी तो येऊन मुलीला भेटेल, बोलेल, मग काय ते सांगेल, असं ठरलं होतं. त्याने नको म्हटलं तर? मुलाचा जन्म आपण सात घासांत ठरवून टाकला, तेही चोरून, तेही त्याचाच गॉगल लावून. या विचाराने त्यांच्या पोटातला कागदसुद्धा हलला.

तेवढ्यात त्यांना एक पळवाट दिसली. माणूस कशावर उठतो यालाच तर महत्त्व. शेवटी तिखट खाऊन उठलं तर?

"काही तिखट हाये का?" त्यांनी घाईघाईने विचारलं. "चिवडा, शेव, काहीबी."

"इथं सगळं गोडच मिळते, काकाजी," मोनिका म्हणाली.

भय्याजींना खिशातली पुडी आठवली. त्यांनी पाठ फिरवली, दोरा सोडला, चणे मुठीत घेतले आणि तोंडाजवळ नेले. तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात टेकचंदजींनी देवापुढचा पेढा घातला.

"आता भय्याजी नाही, इवाई म्हना," टेकचंदजी म्हणाले आणि नव्या व्याह्यांना मिठी मारली. चणे जमिनीवर सांडले.

त्यांचा फोन वाजला. सत्यभामाबाई. देवकाबाईंना आंधळगावला फोन करायला बहुतेक अर्धं मिनिटही लागलं नव्हतं.

"भंडाऱ्याले सूत पाहाले गेले होते न जी तुमी?"

"हो. म्हंजे, मंग इकडं आलो."

"किती खाल्ले?"

"सात," भय्याजी खाली मान घालून म्हणाले. "अन् एक पेढा. पन तो मले घातला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. अकरा घरांत सत्यभामाबाई रडल्या नव्हत्या, आता रडत होत्या.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. "पोराले विचारलं नाही. धनंजयले दे. मीच सांगतो त्याले."

फोन धनंजयकडे गेला. अडतीस वर्षांत इतकं अवघड वाक्य भय्याजींनी जुळवलं नव्हतं. "बापू," ते म्हणाले, "तुह्या बापाकून एक गोष्ट झाली."

"बाबा," धनंजय मध्येच म्हणाला, "मोहाचा खाल्ला का? तो खरा बेस हाये."

"तुले कसं माहीत?"

भय्याजींनी वर पाहिलं. मोनिका काउंटरवरच्या गॉगलकडे पाहत होती.

"हा गॉगल दर गुरुवारी याच काउंटरवर राहते, काकाजी," ती हळूच म्हणाली. "दांडी मीच बांधून देली. तुमी दारातून आले तवाच समजलं मले."

दर गुरुवारी! धनंजय दर गुरुवारी साड्या पोचवायला साकोलीला येत होता. दर गुरुवारी रात्री तो जेवत नसे. पोराची भूक मेली म्हणून भय्याजींनी त्याला भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं, तीन बाटल्या टॉनिक आणलं होतं आणि रोज दोन चमचे स्वतःच्या हाताने पाजलं होतं. तरी त्याचे सदरे मात्र दर महिन्याला घट्ट होत होते, आणि भय्याजी म्हणत होते, टॉनिक लागू पडलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"सात महिने, बाबा. तुमी नाही म्हनाल म्हनून सांगतलं नाही. आत्याले सांगतलं. आईले सांगतलं."

भय्याजी खुर्चीत बसले. रागवायचं होतं. राग येतो का हे त्यांनी अंगठा फिरवून पाहिलं, पण सापडेना. त्याऐवजी छातीवरून कोणीतरी सुताचं गाठोडं उचलून नेल्यासारखं वाटत होतं. होकार द्यायचा होता तो देऊन झाला होता. तोही त्यांनी दिला नव्हता, पोटाने दिला होता. ज्याला विचारायचं होतं तो सात महिन्यांपूर्वीच हो म्हणून बसला होता. आता उरलं काय? त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी मोनिकाला विचारलं, "मोहाचा अजून एक हाये का वं, पोरी?"

रविवारी आंधळगावहून भाड्याची गाडी करून सगळे रीतसर साकोलीला आले. एकोडीहून देवकाबाई आल्या. बसायला सतरंजी घातली, पाणी झालं, ओळखी झाल्या. धनंजय आणि मोनिका एकमेकांकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे बसले, आणि ते इतकं वाईट जमत होतं की देवकाबाईंना पदर तोंडाला लावावा लागला. मग आतून थाळी आली. सातही चवींचे कपकेक, प्रत्येकाला बशी भरून. धनंजयला, सत्यभामाबाईंना, देवकाबाईंना, गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा.

भय्याजींनी दुपट्टा सावरला, सुटलेला धागा आत दुमडला आणि कागद सोलायच्या तयारीने बोटं पुढे केली. त्यांच्यासमोर सुलोचनाबाईंनी बशी ठेवली. चिवड्याची.

"तुमचं गोड झालं न जी," त्या म्हणाल्या. "दोनदोनदा कोनी हो म्हनते का?"

सगळे हसले. सत्यभामाबाई सगळ्यांत जास्त हसल्या. भय्याजींनी निमूटपणे चिवड्याचा बकाणा भरला. मुरमुरे नरम पडले होते आणि मीठ जवळपास नव्हतंच. त्यांनी तोंड उघडलं. समोर धनंजय मोहाचा कपकेक खाताना गालाला क्रीम लावून बसला होता, आणि मोहाच्या कपकेकवर तर क्रीम नसतंच, म्हणजे हा त्याचा दुसरा किंवा तिसरा होता. सत्यभामाबाई भय्याजींच्या तोंडाकडेच पाहत होत्या.

"काय म्हनता?" त्यांनी विचारलं.

"बेस हाये," भय्याजी म्हणाले आणि अळणी चिवडा शेवटच्या मुरमुऱ्यापर्यंत खाल्ला.